तेरवीच्या रजया

सकाळच्या राउंडला मी कौतिकाबाईच्या रजईचं टोक डॉक्टरांच्या हातात दिलं. "दाबून बघा," म्हटलं. त्यांनी दाबलं आणि हात रुमालाला पुसला.

"पाणी सांडलं का हिच्यावर?"

"नाही साहेब. रोज सकाळी अशीच असते. घाम आहे."

कौतिकाबाई खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. पदर कानांवरून घट्ट ओढलेला. डॉक्टरांनी तिच्या खाटेला अडकवलेला वजनाचा चार्ट पाहिला. रेघ खाली चालली होती. ते पुढच्या खाटेकडे गेले. टीबीच्या वॉर्डात डॉक्टर काही न बोलता पुढे गेले की पेशंटला सगळं कळतं.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. जिल्ह्याचं नाव तेव्हा चांदा होतं आणि गडचिरोली त्याचाच एक तालुका. चांद्याहून मूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जंगलाला लागून आमचं टीबीचं लहानसं हॉस्पिटल होतं. मी बायकांच्या वॉर्डची सिस्टर होते. सिस्टर म्हणजे वॉर्डची कारभारीण. इंजेक्शनं, जेवण, चादरी, कोण झोपलं, कोण खोकलं, सगळं तिच्याकडे. मला याद्या करायची सवय आहे. माझ्या सासूबाई म्हणत, ही देवालासुद्धा यादी वाचून दाखवील.

तेव्हा टीबीवर स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं निघाली होती, पण जुनी पद्धतही सुटली नव्हती. मोकळी हवा, विश्रांती, अंडी, दूध. मोकळी हवा म्हणजे पेशंटच्या खाटा बारा महिने उघड्या व्हरांड्यात. उन्हाळ्यात ते ठीक. पण आमच्याकडे धान कापणीनंतर बांधांवरून जे धुकं येतं, ते पहाटे व्हरांड्यात उतरतं.

टीबीच्या पेशंटला रात्री घाम फुटतो. बाहेर कितीही थंडी असो, अंगावरचं लुगडं भिजतं. आमच्या रजया कापसाच्या. कापूस घाम पितो आणि धरून ठेवतो. मग त्याचे गोळे होतात, रजई जड होते आणि पहाटे ओल्या गोणपाटासारखी अंगाला चिकटते. पेशंट जागी होते, ती उजाडेपर्यंत. धुक्याच्या दिवसांत ऊन उशिरा येतं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत रजई वाळत नाही. त्याच ओल्या रजईत दुसरी रात्र.

राउंड संपल्यावर डॉक्टरांनी मला ऑफिसात बोलावलं. ते हॉस्पिटलचे सुपरिंटेंडेंट होते. माणूस सरळ, पण डोक्यावर फार ओझं.

"सिस्टर, त्या कौतिकाबाईला इंजेक्शन चालू आहे, अंडं चालू आहे, तरी वजन उतरतंय. म्हणजे औषध लागू पडत नाही."

"ती झोपत नाही, साहेब. न झोपलेल्या माणसाच्या अंगी अन्न लागत नाही."

"गेटच्या बाहेर बैलगाडीत लोक बसलेत. ज्यांना उपयोग होईल त्यांना खाट द्यायची की नाही? संक्रांतीपर्यंत बघू. वजन थांबलं नाही तर घरी पाठवा."

घरी पाठवा, याचा अर्थ आम्हा दोघांनाही माहीत होता. कौतिकाबाई धानपट्ट्यातल्या एका लहान गावाची. घर एका खोलीचं. घरी तिची लहान मुलगी होती. इंजेक्शन अर्धवट टाकून ती त्या खोलीत परत गेली असती, तर खोकला मुलीच्या तोंडावरच जाणार होता. आणि मी म्हणत होते तसं दुखणं झोपेचं असेल, तर ही बाई रजईपायी मरणार होती.

मी कामाला लागले.

पहिला विचार लोकरीचा आला, कारण ती डोळ्यांसमोर होती. कापणी झाली की कुरमार लोक मेंढ्या घेऊन येतात. कुरमार म्हणजे आमच्याकडचे मेंढपाळ. शेतकरी त्यांना आपल्या शेतात मेंढ्या बसवायला बोलावतात, खत मिळतं म्हणून. ही माणसं दवात उघड्यावर झोपतात. सकाळी त्यांची घोंगडी झटकताना मी पाहिली होती. वर दवाचे थेंब, आतली बाजू कोरडी.

मी एक घोंगडी मागून आणली. संध्याकाळी तिच्यावर आणि कापसाच्या रजईवर सारखं पाणी शिंपडलं आणि दोन्ही व्हरांड्यात टाकल्या. सकाळी रजईला हात लावला तर हात गार पडला. घोंगडी दमट होती, पण गार लागत नव्हती. मला एवढं पुरे होतं.

घोंगडी तशीच पेशंटवर घालता येत नव्हती. तिला चिंचोक्याची खळ लावलेली असते, ती पत्र्यासारखी ताठ. घामट अंगाला टोचते. तिचे केस नाकात गेले की खोकल्याची ढास. शिवाय टीबी वॉर्डातलं सगळं कापड उकळत्या पाण्यात काढायचा नियम, आणि लोकर उकळली की आटते, तिचा नमदा होतो, म्हणजे घट्ट जाड थर. म्हणून मी ठरवलं ते असं: लोकर रजईत भरायची, कापसासारखी. वरून पातळ कापडाची सुटी खोळ. खोळ उकळायची, आतली रजई फक्त उन्हात टाकायची.

डॉक्टर म्हणाले, "कल्पना चांगली आहे. पण सरकारी यादीत कापसाचीच रजई आहे. मी लोकरीचं इंडेंट पाठवलं तर उत्तर पावसाळ्यात येईल." इंडेंट म्हणजे वस्तूंची लेखी मागणी. "कोणी देणगी दिली तर मी अडवणार नाही."

मूलला एक राईस मिलवाले मालक होते. हॉस्पिटलला अधूनमधून तांदूळ पाठवत. मी बसने मूलला गेले. मालकांनी नुकतंच डोकं भादरलेलं होतं. घरात काही झालं असणार हे दिसत होतं. पण मी विचारलं नाही. परक्या बाईने दारात उभं राहून ते विचारायचं नसतं. मी कामाचं बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"लोकरीची चिंता नको," ते म्हणाले. "माझ्याच शेतात मेंढ्या बसल्यात. वॉर्डातल्या सगळ्या खाटांना देतो. शिवून कशा पाहिजेत तेवढं सांगा."

मी त्यांना कागद दिला. लांबी-रुंदी, टाके वीतभर अंतरावर म्हणजे लोकर एका कोपऱ्यात गोळा होणार नाही, प्रत्येक रजईला दोन खोळी. मालकांनी मूलच्या पिंजाऱ्याला बोलावलं. त्याने लोकर चिमटीत घेतली, बोटं एकमेकांवर चोळली आणि परत ठेवली.

"नाई जमत मालक. याच्यात चरबी हाय. माह्या तातीले लागन. मंग लोकाचा पांढरा कापूस बी काळा निघन." तात म्हणजे कापूस पिंजायच्या त्याच्या धनुकलीची दोरी. "लग्नसराई हाय. नवरीच्या गादीत मेंढीचे केस निघाले तं मले मारतीन लोकं."

त्याचं बरोबर होतं. मग लोकर रिठ्याच्या पाण्यात धुतली, कुरमार बायकांनी ती हातांनी विंचरली आणि शिंप्याने रजया शिवल्या. मी मधे एकदा जाऊन पाहून आले. हातात घेतली तर कापसाच्या निम्मीसुद्धा जड नव्हती.

रजया बैलगाडीतून आल्या तेव्हा वॉर्डातल्या बायका उठून बसल्या. गाडीमागून मालक स्वतः आले, बरोबर भटजी. रजयांबरोबर एक नवी गादी, उशी, तांब्या, छत्री आणि चपलांचा जोड होता. गडीमाणसांनी व्हरांड्याच्या मोकळ्या टोकाला सगळं मांडलं. भटजींनी ताम्हण पुढे ठेवलं. मंत्र म्हटले. मालकांनी वडिलांचं नाव घेतलं आणि पळीने ताम्हणात पाणी सोडलं.

"बाबांना हिवाळा सोसत नव्हता," मालक मला म्हणाले. डोळे भरले होते. "आज तेरवी. एका माणसाला गादी देऊन काय होतं? म्हटलं, आजारी माणसांच्या अंगावर पडू द्या."

मला त्यांच्या बोलण्यात वावगं काही वाटलं नाही. मी आभार मानले. त्याच दिवशी प्रत्येक खाटेवर नवी रजई टाकली, जुन्या उचलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाइटच्या नर्सने मला दारातच गाठलं. "सिस्टर, कोणीच पांघरल्या नाहीत."

आत जाऊन पाहिलं. सगळ्या रजया घड्या करून पायथ्याशी, काही खाली जमिनीवर. बायका लुगडी, सतरंज्या, मिळेल ते गुंडाळून बसलेल्या. कौतिकाबाईचे दात वाजत होते.

"काय झालं? टोचते का?"

ती खाली बघत म्हणाली, "मेलेल्याची हाय बाई ते. मले नोको."

"नवी आहे. कोणी वापरलेली नाही."

"तेरवीची हाय."

वाचकांपैकी काहींना हे माहीत नसेल, म्हणून सांगते. माणूस गेल्यावर तेराव्या दिवशी त्याच्या नावाने अंथरूण-पांघरूण, तांब्या, छत्री, जोडा दान देतात. मेलेल्याला पुढच्या वाटेवर ते मिळतं, अशी समजूत. हे दान घेणारा माणूस ठरलेला असतो. दुसरं कोणी घेत नाही, कारण त्या वस्तूबरोबर मेलेल्याचा दोषही येतो. ज्या बाईला वॉर्डातून जिवंत घरी जायचं आहे, ती असलं पांघरूण कशाला घेईल?

एकीनेच घेतलं होतं. शेवटच्या खाटेवरची जंगुबाई, गडचिरोलीच्या पलीकडच्या गोंड गावची. ती रजईत नाकापर्यंत शिरून पडली होती.

"आमी मेलेल्याच्या नावानं दगूड उभा करतो," ती आतूनच म्हणाली. "रजई नाई देत. मेल्याले थंडी कायची? थंडी मले हाय."

"झोप लागली का?"

"लागली ना. ह्या साऱ्या जणी रातभर माह्याकडं पाहून राह्यल्या. मरते का म्हून."

कोणी हसलं नाही. पण मला माझं उत्तर मिळालं. मी तिच्या रजईत हात घातला. आत कोरडं आणि उबदार होतं.

डॉक्टर चिडले. "अडाणीपणा आहे हा! खोळी बदला आणि सांगा दुसऱ्या आल्या म्हणून."

"नातेवाइकांच्या शेडमधल्या सगळ्यांनी गाडी पाहिली आहे, साहेब. आणि खोटं बोलून पांघरवलेल्या रजईचं एकदा खरं कळलं, की ती बाई पुन्हा माझ्या हातचं औषधही घेणार नाही."

"मग परत पाठवा."

"जुन्या अजून ओल्या आहेत."

पेशंटबरोबर आलेले नातेवाईक हॉस्पिटलच्या मागच्या शेडमध्ये राहत आणि स्वतःचं रांधून खात. कौतिकाबाईची सासू तिथे होती. वाळलेली, काटक म्हातारी. वॉर्डात तिचा शब्द चालायचा. मी तिच्या चुलीपाशी जाऊन बसले. ती पीठ मळत होती.

"आजीबाई, तुमची सून या रजईत झोपली नाही तर डॉक्टर तिला घरी पाठवतील."

"मले ठाव हाय."

"मग?"

"मंग काय? मेलेल्याची वस्तू लेकीसारख्या सुनेच्या आंगावर घालू? उद्या मेली तं मी मारली म्हंतीन."

"मालकांनी मनापासून दिल्यात."

"देल्या. मी कुठी नाई म्हंतो? त्यानं देल्या. पन घेतल्या कोनं?" तिने हात थांबवले. "पानी कोनाच्या हातावर सोडलं? ताटलीत सोडलं. घेनाऱ्यानं हात पुढं केला असता तं दोष त्याच्याकडं गेला असता, मंग वस्तू मोकळी. कोनं घेतलीच नाई. जोवरी कोनी घेत नाई तोवरी ते त्या बुढ्याचंच हाय."

हे मला एकदम कळलं. स्टोअरमध्येही हाच नियम असतो. माल गेटमधून आत आला म्हणजे आपला झाला असं नाही. कोणीतरी 'मिळाला' म्हणून त्याची जबाबदारी घ्यावी लागते. तोवर तो पाठवणाऱ्याचा.

"मग नेहमीच्या माणसाला बोलावू? तो घेईल."

"तो घेईन आन् घरी नेईन. त्याचा हक्कच हाय तो."

"आणि आमच्यापैकी कोणी घेतलं, आणि मग पेशंटला वापरायला दिलं तर?"

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. "तं ते त्या मानसाची रजई झाली. त्यानं कोनाले बी द्यावं."

मी मालकांना आणि भटजींना निरोप पाठवला. दोघे आले. व्हरांड्यात ऊन होतं. पेशंट खाटांवर, नातेवाईक पायऱ्यांवर. मी काय झालं ते सांगितलं. मालकांचा चेहरा पडला. वडिलांचं दान कोणी घेतलंच नाही, हे त्यांना त्या क्षणी कळलं. माझ्या रजयांपेक्षा त्यांचं दुःख मोठं होतं.

डॉक्टर दारात उभे होते. ते पुढे आले. "एवढंच ना? मी घेतो. मला या गोष्टींचं काही वाटत नाही."

म्हातारी पायरीवरून म्हणाली, "ज्याले काई वाटतच नाई, त्यानं घेऊन काय उपेग जी? दोष त्याच्याकडं जाईन तरी कसा?"

भटजींनी मान डोलावली. कोणी पुढे येत नव्हतं. कौतिकाबाईला खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबली नाही.

"मी घेते," मी म्हटलं.

मालक चमकले. "बाई, तुम्ही सवाष्ण आहात. घरी लेकरं आहेत. घरच्यांना विचारलंत?"

"पत्र लिहीन."

म्हातारी उठून माझ्यासमोर आली. "तुमाले वाटते का, बाई?"

वाटत होतं. मी हॉस्पिटलमध्ये मेलेली माणसं पुसली आहेत, त्यांच्या हनुवटीला पट्टी बांधली आहे. त्याचं कधी काही वाटलं नाही, ते काम होतं. पण वर्ध्याला माझे यजमान होते, दोन मुलं होती. लहानपणी आमच्या दारावरून तेरवीची गादी घेऊन जाणारा माणूस दिसला की आई आम्हाला आत ओढायची. ते अंगातून जात नाही.

"वाटतं," मी म्हटलं.

"मंग घ्या."

नव्या गादीवर मी बसले. तसं बसावं लागतं. मालकांनी वडिलांचं नाव घेतलं. या वेळी पाणी माझ्या तळहातावर पडलं. फार गार होतं. मालक वाकून नमस्कार करू लागले, घेणाऱ्याला करतात तसा, आणि त्यांना रडू फुटलं.

"घेणाऱ्याने नंतर काय करायचं असतं?" मी भटजींना विचारलं. "क्रमाने सांगा."

त्यांनी सांगितलं. स्नान, एक दिवस उपास, दिवा, जप. मी सगळं केलं, त्याच क्रमाने.

पण त्याआधी मी उठून पहिली रजई उचलली आणि कौतिकाबाईकडे गेले. "ही माझी रजई आहे. तुला वापरायला देते."

तिने सासूकडे पाहिलं. म्हातारीने रजई माझ्या हातातून घेतली, खोळीला हात फिरवला, आणि स्वतः सुनेच्या पायांवर घातली. मग मी एकेक करून बाकीच्या दिल्या. जंगुबाई म्हणाली, "माही बी बदलून द्या ना बाई, सारे घेऊन राह्यले तं." मी तिचीच उचलली आणि तिला परत दिली.

दुसऱ्या दिवशी नाइटच्या नर्सने सांगितलं, कौतिकाबाईला घाम आला, पण ती उठून बसली नाही. कूस बदलली आणि परत झोपली. चहाच्या वेळी तिला उठवावं लागलं.

पुढच्या वजनाला काटा तिथेच राहिला. डॉक्टर म्हणाले, "उतरलं नाही." संक्रांतीच्या आधीच्या वजनाला थोडा वर गेला. ते चार्ट परत खाटेला अडकवत म्हणाले, "खाट राहू द्या."

लोकरीने टीबी बरा होत नाही. हे स्पष्ट सांगते, कारण नंतर लोक माझ्याकडे औषध मागावं तशा रजया मागायला येत. टीबी इंजेक्शनने बरा होतो. लोकर झोपू देते, आणि झोपेत शरीर बाकीचं काम करतं. त्या हिवाळ्यात आमच्या वॉर्डात त्याच रजईत एक बाई गेली. तिचं फुप्फुस उरलंच नव्हतं. तिची रजई मी दुसरीला दिली नाही. ती माझी होती, म्हणून ती तिच्याबरोबर पाठवायला मला कोणाची परवानगी लागली नाही.

यजमानांचं उत्तर आलं. त्यात मुलांची खुशाली होती, घराच्या कौलांचं होतं, आणि त्या गोष्टीबद्दल एवढंच की आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगितलेलं नाही. संक्रांतीला स्टाफ क्वार्टर्समध्ये हळदीकुंकू झालं. दर वर्षी निरोप घेऊन येणारी कंपाउंडरची बायको माझ्या दारावरून पुढे गेली. मी तिला दोष देत नाही. तिला दोन लहान मुलं होती.

कौतिकाबाई उन्हाळ्याच्या शेवटी बरी होऊन घरी गेली. जाताना रजई घडी करून, खोळ धुऊन, स्टोअरकडे न जाता माझ्या खोलीवर आली.

"बाई, तुमची हाय," म्हणाली, आणि ती माझ्या खाटेवर ठेवली.

त्यानंतर मी बरीच वर्षं हॉस्पिटलात काढली. देणग्या खूप आल्या. पंखे, भांडी, रेडिओ. कोणी काही द्यायला आलं की मी आधी एकच गोष्ट पक्की करत असे: हे हातात कोण घेणार आहे? देणारे नेहमी मिळतात. घेणारं माणूस आधी उभं करून ठेवावं लागतं.